जुन्या बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफली: किती दुरुस्त करायच्या, किती तशाच ठेवायच्या?

हरीणवाट

मंडळी, व्यक्तिगत निरोपांत (व्यनित) जुन्या रायफलींबद्दल तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून धागाच काढतो.

मी पश्चिम पेन्सिल्व्हेनियात राहतो. थँक्सगिव्हिंगनंतर इथे हरणांचा रायफल हंगाम सुरू होतो आणि तो सणासारखाच असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कितीतरी गावांतल्या शाळांना सुट्टी असते. अशा भागात घरटी एखादी जुनी रायफल निघतेच. आजोबा गेले, घर विकायला काढलं, की सामानाच्या लिलावात भांड्याकुंड्यांशेजारी ती उभी दिसते. मी बहुतेक तिथूनच घेत आलो.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगतो. माझ्या पाहण्यात जुन्या रायफली गंजाने जितक्या नासल्या नाहीत तितक्या बफिंग व्हीलने नासल्या. गंज थांबवता येतो, घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. त्यामुळे पहिला नियम असा: कमीत कमी हात लावा.

रायफल हातात आली की ती रिकामी आहे याची आधी खात्री करायची आणि मग नळीवरची अक्षरं बघायची. ठशांच्या कडा नखाला लागल्या पाहिजेत. अक्षरं गुळगुळीत, कडा वितळल्यासारख्या आणि वर निळाई मात्र आरशासारखी, म्हणजे कुणीतरी ती मशिनवर घासून पुन्हा ब्ल्युइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) केलंय. मग स्क्रू. त्यांच्या खाचा पिचलेल्या असतील तर चुकीच्या मापाच्या पेचकसाने रायफल उघडली गेली आहे. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा असेल तर तेही बफचंच काम. बोल्टवरचा (मागे-पुढे सरकणारा दांडा) क्रमांक आणि रिसीव्हरवरचा (नळी ज्यात बसते आणि बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) क्रमांक जुळतो का, दुर्बिणीसाठी नंतर भोकं पाडलीत का, लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात त्या रेषेच्या खाली गंज आहे का, हेही बघायचं. शेवटचं कुणी बघत नाही. घामाचं आणि पावसाचं पाणी तिथेच मुरतं.

माझ्याकडची सगळ्यात लाडकी म्हणजे मॅनलिखर-शोनाउअर, १९०३ चं मॉडेल, ६.५×५४ काडतुसाची, ऑस्ट्रियातल्या श्टायरची. दस्त्याचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं, बोल्टची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी. पण खरी गंमत तिच्या मॅगझिनमध्ये आहे. साध्या रायफलीत काडतुसं एकावर एक बसतात आणि खालून स्प्रिंग ढकलते. हिच्यात ओटो शोनाउअरने बसवलेली गोल फिरती फिरकी आहे. पाच काडतुसं तिच्या पन्हाळीसारख्या खाचांत एकेक करून बसतात, फिरकी वळत जाते, आणि बाजूची कळ दाबली की सगळी अलगद वर येतात. तळपट्टीला एक बारीक भोक आहे. त्यात काडतुसाचं टोक घालून पट्टी पाव वेढा फिरवली की अख्खं मॅगझिन हातात येतं, पेचकस लागत नाही. बोल्ट मागे-पुढे केला तर मध्ये कुठे खरखर नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने हे पृष्ठभाग हाताने जुळवले आहेत.

आता यातली मेख. ती फिरकी त्या एकाच काडतुसाच्या आकाराला बेतलेली असते. ६.५×५४ चं मूळ काडतूस म्हणजे १६० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांब, बोथट नाकाची गोळी. आजच्या टोकदार हलक्या गोळ्या घातल्या की अडखळते, आणि मग लोक फिरकीलाच कानस लावतात. असं कधीही करू नका.

माझी पद्धत थोडक्यात: आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून हेडस्पेस गेजने (बोल्ट बंद असताना काडतुसाला किती जागा राहते ते मोजणारं माप) तपासणी, मग स्वच्छता. एवढ्यावर बहुतेक वेळा काम संपतं.

कोयनाकाठ

हरीणवाट, फार उपयोगी धागा. माझा प्रश्न इथला, सातारा जिल्ह्यातला आहे.

आमच्या आजोबांची .२७५ ची बोल्ट रायफल घरात आहे. माउझर पद्धतीची, लंडनच्या दुकानाचं नाव नळीवर आहे. परवाना वडिलांच्या नावावर, त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. नळीवर बाहेरून लाल गंजाचे ठिपके, दस्त्याला मुठीच्या मागे बारीक चीर, आणि लाकूड तेलाने काळंकुट्ट. एक जण म्हणाला बफ मारून निकेल चढवून देतो, नव्यासारखी होईल. वडील तयार होते, मी थांबवलंय. काय करावं?

हरीणवाट

थांबवलंत ते फार बरं केलंत. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि निकेल अजिबात चढवू देऊ नका.

.२७५ म्हणजे ७×५७ माउझरच, इंग्रजी नावाने. जिम कॉर्बेट यांची रिग्बी याच मापाची. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्यूएट यांनी ती त्यांना दिली, आणि तसं कोरलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यात बसवलेली आहे. त्या काळच्या लंडनच्या बऱ्याच बोल्ट रायफलींचं मूळ ॲक्शन (बोल्ट-रिसीव्हरची यंत्रणा) जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून यायचं आणि नळी, दस्ता, जुळणी इंग्लंडमध्ये व्हायची. तुमची तशी असेल तर रिसीव्हरवर आणि नळीखाली लाकडाने झाकलेल्या भागात ठसे सापडतील. लाकूड उतरवलं जाईल तेव्हा त्यांचे फोटो नक्की काढा.

गंजाबद्दल. त्या काळच्या चांगल्या रायफलींचा निळा-काळा रंग हा मुळात गंजच असतो, ताब्यात ठेवलेला. पोलाद तेलमुक्त करून त्यावर द्रावण लावतात, दमट पेटीत ठेवून पातळ लाल गंज आणतात, मग तो भाग शुद्ध पाण्यात उकळतात. उकळल्यावर लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं. मऊ तारेच्या ब्रशने वरची भुकटी काढतात आणि हवा तो रंग येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. म्हणूनच तुमच्या नळीवरचा लाल गंजही उकळून काळा करता येतो. वरची भुकटी निघून जाते, खालची मूळ निळाई बरीचशी राहते, अक्षरांना धक्का लागत नाही. मात्र सुटे भाग करून उकळणं हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. तोवर पातळ तेल लावा, दोन दिवस मुरू द्या आणि सुती फडक्याने टिपा. रेती-कागद लावू नका, लिंबू-चिंच तर मुळीच नको.

मुद्रांक

कोयनाकाठ, कायद्याची बाजू मी सांगतो. पूर्वी या कामात होतो.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं याबरोबर दुरुस्ती आणि चाचणी हेही शब्द आहेत. म्हणजे दुसऱ्याची रायफल दुरुस्त करून देणाऱ्याकडे त्यासाठीचा परवाना हवा. निकेलवाल्याकडे तो नसेल तर रायफल त्याच्या हातात देणं हाच गुन्हा ठरेल. तुमच्या नावावर परवाना नाही, तेव्हा तुम्ही एकट्यानेही ती घेऊन जाऊ नका. वडिलांना बरोबर न्या, किंवा आधी ठाण्यात विचारा.

हस्तांतरासाठी शस्त्र नियम २०१६ मध्ये सोय आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. इतर वारसांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, घोडं बहुतेक तिथेच अडतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. वारशाने आलेलीही त्यातच धरतात. पूर्वी तीन होती.

वडील असताना करून घ्या. माणूस गेल्यावर शस्त्र लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं आणि मग ते बाहेर निघायला वेळ लागतो.

खाडीकाठ

मुद्रांक यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. आम्ही रत्नागिरीकडचे. निवडणूक लागली की हत्यारं जमा. आमची .३१५ एकदा पावसाळ्याच्या तोंडावर जमा झाली आणि परत आली तेव्हा नळीच्या तोंडाला आतून गंज, दस्त्यावर बुरशी. कोणत्या ठाण्यात ते लिहीत नाही. तिथल्या माणसांचा दोष नाही, खोलीच तशी ओली.

तेव्हापासून जमा करण्याआधी आम्ही हे करतो: नळी आतून कोरडी करून जाडसर ग्रीसचा पातळ हात, बाहेरून मेण, बोल्टलाही ग्रीस. मूळ चामड्याच्या पेटीत देत नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली आम्लं पोलाद खातात. सुती कापडाची सैल पिशवी शिवून घेतली आहे. पावतीवर रायफलीची स्थिती लिहून घ्या, "नळी आतून स्वच्छ, दस्ता अखंड" एवढे शब्द पुरेत.

.३१५ बद्दल नव्या लोकांसाठी: .३०३ हे लष्कराचं काडतूस, म्हणून इंग्रजांच्या राज्यात ते सामान्य माणसाच्या हाती पडू नये अशी व्यवस्था होती. त्यातून ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० रिमवाल्या मॅनलिखर काडतुसाला इथे .३१५ हे नाव मिळालं. रायफलीची घडण मात्र ली-एनफिल्डचीच. आजही सरकारी कारखान्याची .३१५ म्हणजे तीच वंशावळ.

हरीणवाट

मेणाचं अगदी बरोबर. संग्रहालयांतही सूक्ष्म-स्फटिकी मेण वापरतात. रेनेसाँ वॅक्स नावाने मिळतं ते मुळात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. पोलाद आणि लाकूड दोन्हींवर चालतं.

एक भर. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळालं की नळीत क्षार उरतो, अगदी मिठासारखा, हवेतली ओल ओढणारा. तेलाने तो विरघळत नाही, वरून तेल आणि खाली गंज असं होतं. गरम पाण्यानेच जातो. जुने शिकारी संध्याकाळी नळीत उकळतं पाणी ओतायचे ते यासाठी. मग कोरडी करायची आणि शेवटी तेल.

शिवाय रायफल तोंड वर करून वर्षानुवर्षं उभी ठेवली की तेल ओघळून दस्त्यात मुरतं. कोयनाकाठ, तुमचं लाकूड काळं पडलंय ते बहुधा असंच.

सुतारपक्षी

लाकडाचं मी सांगते. रायफली माझा विषय नाही, पण जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि नाशिकच्या एका परवानाधारक दुकानदारासाठी मी दस्ते केले आहेत. तो लोखंड वेगळं करून फक्त लाकूड माझ्याकडे पाठवतो.

अक्रोडाचं लाकूड आत काळं नसतं, वरचं तेल काळं झालेलं असतं. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा. तो वाळताना तेल वर ओढतो आणि पांढरा लेप चहाच्या रंगाचा होतो. झटकायचा, पुन्हा द्यायचा. मुठीच्या मागची जागा, जिथे पोलादाची शेपटी लाकडात बसते, तिथे सगळ्यात जास्त तेल निघतं. उघड्या हवेत करा, जवळ ज्योत नको. चीर जोडायची तर तेल निघाल्यावरच. तेलकट लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही, वरून जोडल्यासारखं दिसतं आणि पहिल्याच धक्क्याला उघडतं.

चीर का पडली हेही शोधा. गोळी सुटली की रिसीव्हरखालचा आडवा कान लाकडाला मागे ढकलतो. तिथली जागा झिजून सैल झाली की सगळा धक्का शेपटीवर येतो आणि दस्ता मागून फाटतो. नुसती चीर भरून उपयोग नाही, पुढची बैठक घट्ट करावी लागते. ते काम दुकानदार इपॉक्सीने करतो.

पोचे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवून वर येतात, कारण तिथले तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. आणि पॉलिश पेपर? नाही म्हणजे नाही. मुळात लाकूड पोलादापेक्षा केसभर वर ठेवलेलं असतं. दोनदा घासलं की ते पोलादाच्या खाली जातं आणि त्या कडेवर बोट फिरवलं की कुणालाही कळतं. शेवटी जवसाचं उकळलेलं तेल, तळहाताने चोळून, अगदी थोडं. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. चकचकीत वार्निश अशा दस्त्यांवर परकं दिसतं. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

माळरान

वेगळं मत मांडतो. मी कॅनडात अल्बर्टात आहे आणि मला रायफल रानात न्यायची असते. सगळंच "तसंच ठेवा" म्हटलं तर तिला कपाटातच ठेवायचं का? माझी स्प्रिंगफिल्ड १९०३ कुणीतरी पन्नासच्या दशकात लष्करी दस्ता काढून शिकारी केलेली आहे. दस्ता बेडौल, ब्ल्युइंग निघालेलं. तिला मी नवा दस्ता आणि नवं ब्ल्युइंग करणार. यात कुणाचं काय बिघडतं?

हरीणवाट

तुमच्या रायफलीचं काहीच बिघडत नाही, खुशाल करा. तिचं मूळ रूप तेव्हाच गेलं. फक्त एक खात्री करून घ्या की ती घरच्या गॅरेजमध्ये बदललेली आहे, एखाद्या नामांकित कार्यशाळेची नाही. ग्रिफिन अँड हाउसारख्या न्यूयॉर्कच्या मंडळींनी १९२० च्या दशकापासून स्प्रिंगफिल्डवर अप्रतिम शिकारी रायफली केल्या. तसा ठसा असेल तर पेचकस खाली ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, क्रमांक बघा. स्प्रिंगफिल्ड आर्मरीची असेल आणि क्रमांक ८,००,००० च्या खाली असेल, किंवा रॉक आयलंडची आणि २,८५,५०७ च्या खाली, तर ती झाडू नका. सुरुवातीच्या काळात पोलाद किती तापलं हे कारागीर डोळ्याने, रंगावरून ठरवायचे. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच रंग वेगळा दिसतो. त्यामुळे काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले. १९१७ मध्ये काही फुटले तेव्हा चौकशी झाली आणि पुढे उष्णता-प्रक्रियाच बदलली. त्यातलं नेमकं कुठलं ठिसूळ हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि पुन्हा तापवून ते सुधारत नाही.

रानात न्यायलाच जुनी हवी असेल तर १९६४ आधीची विंचेस्टर मॉडेल ७० बघा. १९३६ ला आली, माउझरसारखाच लांब पंजाचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा आकडा), काडतूस मॅगझिनमधून निघतानाच तो धरतो. बोल्ट अर्धवट ओढला तरी दोन काडतुसं एकात एक अडकत नाहीत. १९६४ ला खर्च वाचवायला तो काढला, दस्त्यावरची नक्षी कोरण्याऐवजी दाबून उठवली, आणि गिऱ्हाइकं इतकी नाराज झाली की "चौसष्टच्या आधीची" हीच बाजारात जात होऊन बसली. माझी .२७० मी दर हंगामाला नेतो तेव्हा पाऊस-चिखल सगळं तिच्या अंगावर येतं. वापराचे ओरखडे पडले तर पडू देत, माझा आक्षेप घासून ते पुसण्याला आहे.

नवाबिऱ्हाडू

मी एच-१बी वर न्यू जर्सीत आहे. मलाही जमवायची इच्छा आहे. चालेल का?

हरीणवाट

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. शिवाय न्यू जर्सीचे स्वतःचे नियम कडक. आधी वकील गाठा, मग रायफल. ग्रीन कार्ड झालं की संग्राहकाचा केंद्रीय परवाना काढता येतो. त्यात ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली बंदूक दुसऱ्या राज्यातूनही थेट मागवता येते. "मूळ स्वरूपातली" यावर लक्ष द्या, बदललेली स्प्रिंगफिल्ड त्यात बसेलच असं नाही.

सातभाई

धागा वाचताना मन द्विधा झालं. मी पक्षी-प्राणी बघणारा माणूस. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात (आताच्या छत्तीसगडमध्ये) आपल्याकडचे शेवटचे तीन चित्ते अशाच एखाद्या रायफलीने एका रात्रीत मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली हे फार चांगलं झालं. मग ही हत्यारं एवढ्या प्रेमाने का जपायची, हा प्रश्न मनापासून विचारतोय.

कोयनाकाठ

सातभाई, आमच्या घरातही हा प्रश्न निघतो. आजोबांनी काय काय मारलं याची वही आहे आणि ती वाचवत नाही. पण वही आम्ही जाळली नाही आणि रायफलही वितळवायला देणार नाही. दोन्ही एकत्र ठेवणार. पुढच्या पिढीला हे कौतुकासकट आणि दुःखासकट कळावं असं मला वाटतं.

हरीणवाट

कोयनाकाठ यांच्याशी सहमत. वहीतल्या तारखा आणि रायफलीवरचे ठसे जुळवून बघा, कुठली रायफल कधी घरात आली ते बऱ्याचदा त्यातून कळतं.

कोयनाकाठ

ताजी खबर. वडिलांबरोबर जाऊन परवानाधारक दुकानदाराकडे लाकूड उतरवून घेतलं. नळीखाली ओबर्नडॉर्फचा नाही, पण इंग्लंडच्या चाचणीगृहाचे ठसे आहेत, आणि रिसीव्हरवर क्रमांक. लाकडाखाली गंज कमी आहे. नळी आतून बरी आहे, फक्त तोंडाशी एका बाजूला झिजलेली. दुकानदार म्हणाला दोरीने साफ करून करून असं होतं.

अडचण वेगळीच आहे. परवान्यावर जो क्रमांक लिहिलाय तो रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. नळीवर आणखी एक आकडा आहे, तो जुळतो.

हरीणवाट

दोरीचं निदान बरोबर. तोंडाशी दोरी एकाच कडेला घासते आणि तिथे खाच पडते. यापुढे दांडा वापरा, बोल्ट काढून मागच्या बाजूने घाला, तोंडाकडून नको.

मुद्रांक

क्रमांकाचं मनावर घ्या. जुन्या परवान्यांत लिहून घेणाऱ्याने दिसला तो आकडा उतरवलेला असतो. नळीवरचा ठसा काळजीपूर्वक वाचा, तो पेटंटचा किंवा दाबाचा आकडाही असू शकतो. हस्तांतराचा अर्ज करण्याआधी वडिलांच्या नावानेच दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत दुकानदाराच्या लेटरहेडवर तपासणीचा दाखला, दोन्ही आकड्यांचे जवळून काढलेले फोटो, आणि आजोबांच्या काळची खरेदीची पावती किंवा जुना परवाना असेल तर त्याची प्रत. दोन्ही अर्ज एकदम देऊ नका. आधी क्रमांक दुरुस्त होऊन हातात येऊ द्या. वारसाच्या अर्जावर चुकीचा क्रमांक गेला तर कागदावरची रायफल एक आणि घरातली दुसरी असं होईल, आणि ते निस्तरणं फार जड जाईल.

कोयनाकाठ

खूप आभार मुद्रांक. जुना परवाना वहीबरोबरच ठेवलेला आहे. सोमवारी वडिलांना घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. दस्ता सुतारपक्षीताईंच्या सल्ल्याप्रमाणे दुकानदारामार्फतच करणार, तोवर रायफल त्याच्याकडेच पावतीवर आहे.